ढोबळ्या मिरच्यांच्या घरात बाळंतीण

मुकुटबन गावाचं लक्ष उकंडाकडे पहिल्यांदा गेलं, ते तो भर मे महिन्यात शेतात ऊब तयार करत होता म्हणून.

कापसाने दगा दिलेली ती वर्षं. एका संस्थेने ढोबळ्या मिरचीसाठी गावात प्लास्टिकचं हरितगृह उभारलं. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून शेजारी भट्टी बसवली. तिच्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, घातली की गॅस होई, गॅसवर इंजिन चाले आणि वीज तयार होई. इंजिनाचं गरम पाणी नळ्यांतून मिरच्यांना ऊब देई. नकाशा कुठल्याशा थंड मुलखातला होता. नळ्यांनी मिरच्या तापत, त्यांना निववायला विजेचे पंखे लागत, विजेसाठी इंजिन लागे, आणि इंजिन पुन्हा नळ्या तापवी. हे सगळं संस्थेने नोकरीवर ठेवलेला उकंडा इमानाने चालवी.

"काय करून राह्यला, भाऊ?" लोक विचारत.

"थंडी घालवून राह्यलो."

"कोठी हाय थंडी?"

"गेली ना."

मिरच्याही गेल्या. पण डिसेंबरात संस्थेचे चारुदत्त साहेब पाहणीला येणार होते; तोवर भट्टी चालू दिसली तरच नोकरी टिकणार होती. उकंडाने घरची पऱ्हाटीही भट्टीला चारली.

डिसेंबरात त्याची लेक उर्वशी बाळंत झाली. शेक द्यायला घरात काडी नव्हती आणि नवी पऱ्हाटी अजून शेतात उभी होती.

"आता पोरीले शेकाले काय तुमच्या मिशा जाळू?" त्याची बायको नलू म्हणाली.

"भट्टीपाशी हाय, पण ते संस्थेचं. काडी देता येत नाही."

"काडी नोको. ऊब तं कोणी मोजत नाही?"

उकंडाने विचार केला. ऊब खरंच कोणी मोजत नव्हतं.

संध्याकाळी उर्वशीची बाज मिरच्यांच्या वाफ्यात लागली. आठवड्यात आणखी दोन बाळंतिणी आल्या. मिरचीच्या काठ्यांवर लंगोट वाळू लागले.

तेवढ्यात साहेब आले.

"पीक कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"हळू बोला, साहेब," नलू म्हणाली. "आत्ताच निजलं."

साहेबांचा आवाज आपोआप खाली आला. "तापमान कसं राखता?"

"लेकरू किरकिरलं की पंखा," उकंडाही कुजबुजला, "शिंकलं की भट्टी."

साहेब बराच वेळ उबेत उभे राहिले. मग भट्टी आणखी एक हिवाळा चालवा, असं कुजबुजत सांगून, चपला हातात घेऊन बाहेर पडले.

तो हिवाळा सरल्यावर संस्था गेली. उकंडा आता पुसदला उर्वशीकडे राहतो आणि जावयाच्या पिठाच्या गिरणीवर बसतो.