जिनिंगमधला बर्फ

शहाद्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. तिथला फिटर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जुन्या चित्रकथेवरची एक परदेशी मालिका बघतो. तिच्यात आकाशातून विषारी बर्फ पडतो आणि अंगाला लागला की माणूस मरतो. मालिका स्पॅनिश, पण हा त्यातल्या लोकांना अहिराणीत बजावत असतो, "बाहेर नको जाऊ, भो!"

"काही समजतं का?" मी एकदा विचारलं.

"बोलनं नहीं समजत. पन तोंड बांधं का माणूस वाचस, इतलं समजस."

परवा सुट्टी संपली तरी त्याने मशीन सुरू केलं नाही. तो कापूस लोटणाऱ्या बायांकडे बघत उभा राहिला. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी लव बसली होती. एकीचा खोकला थांबत नव्हता.

शेठ नाकाला रुमाल लावून आले. "मशीन बंद का?"

"शेठ, तुमना नाकले रुमाल शे. या बायास्ना नाकले काय शे?"

याची नोकरी गेली, असंच मला वाटलं. शेठनी खोकणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाजारात जा. सगळ्यांना पुरतील इतके रुमाल आण."

मी रुमाल घेऊन येईपर्यंत फिटरने मशीनला हात लावला नव्हता.