गुरुजींचा रिकामा रकाना

कंपनीच्या अहवालात 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असायची. शाळांमध्ये जे घडायचं ते दोन ओळींत कसं बसणार? उरलेलं माझ्याकडेच साठत गेलं. घरी ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

कंपन्यांच्या समाजकार्याला सीएसआर म्हणतात, पण हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही 'ग्रामविकास' म्हणायचो. मी तालुक्याच्या गावात खोली घेऊन एकटा राहायचो आणि कंपनीने मदत केलेल्या शाळा बघत प्रवासी जीपने हिंडायचो.

*

एका शाळेला हात धुवायचे नळ बसवून दिले. उद्घाटनाला पुण्याहून साहेब आले, सोबत फोटोग्राफर. फोटो काही मनासारखा येईना, म्हणून मुलांना सात वेळा हात धुवायला लावले. शेवटी एका पोरीने थेट साहेबांनाच विचारलं, "आता जेवाया कवा देता?"

जेवण कार्यक्रमात नव्हतंच!

*

त्या शाळेत एकच गुरुजी, आणि वस्ती मेंढपाळांची. दिवाळीनंतर घरंच्या घरं मेंढरं घेऊन बाहेर पडायची. अशाच एका सकाळी मी पोचलो तर गुरुजी घंटा देत होते. वर्गात आम्ही दिलेले बाक, बाकी कुणी नाही. मी विचारलं, घंटा कुणासाठी?

"मला तरी कळाया पायजे न, शाळा भरली म्हणून."

मी हसलो. परतताना जीपमध्ये मात्र हसू आलं नाही.

*

गुरुजींचं अक्षर देखणं, पण कंपनीच्या दर महिन्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना हमखास रिकामा. कधी मुलींची संख्या, कधी चालू नळांची. तेवढ्यासाठी मला जावं लागायचं. मग चहा आणि शेवटच्या जीपपर्यंत गप्पा.

एकदा वैतागून पोस्टकार्ड टाकलं, मुली किती एवढंच कळवा. उलटटपाली उत्तर आलं: पाऊस बरा, तब्येत बरी, मुली हुशार आहेत. आकडा नाही!

त्यानंतर मी पोस्टकार्ड टाकलं नाही. खोलीवर तरी माझी वाट कोण बघत होतं?

*

पुढे कंपनीने प्रकल्प बंद केला. शेवटचा फॉर्म घ्यायला गेलो. यापुढे इकडे यायला कारण उरणार नाही, हे गुरुजींनाही ठाऊक होतं. त्यांनी फॉर्म पुढे केला. एकूण एक रकाना भरलेला, खाली सही, तारीख आणि ठसठशीत जांभळा शिक्का.

"या बारीला काई ठेवलं न्हाई," ते म्हणाले. "तुमाला उगी तकलीफ."

मी फॉर्म दोनदा वाचला.

"गुरुजी, शिक्का पुसट उठलाय."

त्यांनी चष्मा लावला. शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय की. शाई संपली बगा. पुढच्या महिन्यात या."