व्याह्यांची शाल आणि माझी गच्ची

बसा. चहा उकळतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. मी नाही सांगितली तर आमची ही सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. मी नुसतं मीठ लावतो. त्या मिठानेच तर सगळा घोळ केला.

आमचे व्याही मधुकरराव, सुनेचे वडील, नागपूरचे. माणूस सोन्यासारखा, पण एकदा बोलायला लागला की त्यांच्याच कूलरसारखा, बंद म्हणून होत नाही. मागे त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा त्या कूलरला मी भर पंगतीत पिठाची गिरणी म्हणालो होतो. माणसं हसली. मधुकरराव नाही हसले. या मे महिन्यात ते आमच्याकडे यायला निघाले, तर फोनवर मला म्हणतात, "तुमच्या मुलुंडले घाम फार येते म्हणतात जी."

आता गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "मधुकरराव, येताना शाल घेऊन या. आमच्या हॉलमध्ये थंडी वाजते."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी खाली कट्ट्यावर जाऊन चारचौघांना सांगून आलो की व्याह्याला कुडकुडत नागपूरला परत पाठवतो. म्हणजे आता नाकाचाच प्रश्न झाला.

तसं ते खोटंही नव्हतं. मुलाने हॉलमध्ये एसी बसवलाय. बाहेरचा डबा हॉलच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये. एसी आला त्या दिवशीच मी घरात कायदा केला होता: ही खिडकी उघडायची नाही, पडदा सरकवायचा नाही, थंडी पळते. कायदा सगळे पाळायचे. मी सोडून.

त्याचं कारण आमसुलं. गावाहून पुतण्याने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाठवली होती, गोणी भरून. रातांब्याची सालं काढायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. पण समोर टॉवर झाल्यापासून आमच्या घरात ऊन कसलं ते येत नाही. हिने हुकूम सोडला, गच्चीवर घेऊन जा. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही राहतो पहिल्यावर. आणि वर जाऊन कावळे हाकत बसायचं!

मी सातवी नापास. पण जन्म कापडगिरणीत गेला, त्यामुळे यंत्र म्हटलं की मला सगळं कळतं अशी माझी समजूत. एसीचा बाहेरचा डबा काय करतो? गरम वारा फेकतो. फुकट. रस्त्यावर. अरे, मग तो आमसुलांना का देऊ नये?

हिच्या कपाटाच्या तळातून नायलॉनची एक साडी काढली आणि डब्यासमोर ग्रिलला झोळीसारखी बांधली. दुपारी "गच्चीवर चाललो गं" म्हणून दार आपटायचं. ही आतल्या खोलीत आडवी झाली की चवड्यांवर परत यायचं, एसी लावायचा, झोळीत सालं पसरायची आणि कट्ट्यावर पत्ते कुटायला पळायचं. संध्याकाळी तोंडावर पाणी मारून, धापा टाकत घरात. हिला इतकी दया यायची की माझ्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. न चढलेल्या जिन्यांचं तेल. त्याचं सुख काही वेगळंच असतं.

पहिला हप्ता झकास वाळला. मग हाव सुटली. दुसऱ्या खेपेला साडी दुहेरी केली, पदर वरून घेतला, निऱ्या खालून खोचल्या, अख्खा डबा नटवला आणि आत रस निथळती सालं ठासून भरली.

आणि नेमका तेव्हाच एसी रुसला. व्याही दुसऱ्या दिवशी दारात, आणि यंत्र नुसता कोमट वारा सोडतंय.

रिमोटचे सेल बदलले. सोळावर लावला. जाळ्या धुतल्या. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणे, काका, मे महिना आहे, पुढच्या आठवड्यात बघू. मग मीच तपास हाती घेतला. सून दार उघडं टाकते, तिला झापलं. मुलगा लॅपटॉप तापवत बसतो, त्याला आतल्या खोलीत पाठवला. हिचा कुकर बंद केला. त्या रात्री घरात सगळे गार दहीभात जेवले, पण एसी काही गार होईना.

मध्येच मी पडद्याआडून हात बाहेर घालून बघितलं. नुसती भट्टी पेटलेली. म्हटलं वा, आमसुलं उद्याच होणार! आत घाम आणि बाहेर भट्टी, याचा काही एकमेकांशी संबंध असतो हे बहुतेक आठवीत शिकवत असतील.

सकाळी मधुकरराव आले. खांद्यावर शाल, घडी न मोडलेली. कोचावर बसले, वर एसीकडे बघितलं, शाल सावकाश उलगडली आणि तिने मान पुसली.

मी म्हटलं मशीन जरा दमाने घेते. चहा झाला. मशीन दमानेच घेत होती. शेवटी ते म्हणाले, "खिडकी उघडू का जी?"

"नको नको, थंडी पळेल."

"कोणती?"

आणि उठून पडदा सरकवला की हो त्यांनी! खिडकीत डबा उभा, साडी नेसून, आणि साडीतून लालभडक रस टपटप गळतोय.

"अरे बाप्पा! याले कोणी मारलं?"

ही पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथेच थांबली. आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. ही चिडली की थेट गावच्या भाषेत जाते.

"खंय चढत होतात तुम्ही? ह्या खिडकेर? आणि मी मेली तेल चोळतंय!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मधुकररावांनी साडीचा काठ चिमटीत धरला, चष्मा सरळ केला. "ही तर आमच्याकडच्या आहेराची दिसते," एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस स्वतःहून बंद झाला, आणि तेच मला जास्त लागलं.

साडी सोडली, डबा पुसला. थोड्या वेळात हॉल असा गार पडला की काय सांगावं. पण मला कुठला तो गारवा? हिने सगळी सालं परातीत भरून माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे बोट दाखवलं. या खेपेला दार तिने आपटलं.

भर दुपारी गच्चीवर कावळे हाकत बसलो होतो. डोक्यावर तीच साडी, ओली करून. फोन वाजला. मधुकरराव.

"व्याहीबुवा, जरा खाली येता का जी? माझी शाल घामानं ओली झाली. तुमच्याकडची एखादी द्या, थंडी वाजून राहिली."

खाली उतरलो, शाल दिली, परत वर चढलो.

संध्याकाळी गुडघे खरंच दुखायला लागले. तेलाची बाटली समोरच होती. मागायची हिंमत झाली नाही.