तोंड तिकडे, उजेड इकडे

सदर इसम कारखान्यातील सुरक्षा निरीक्षक पदावरून सन्मानाने सेवानिवृत्त. उंची मध्यम, आवाज उंचीला न शोभणारा, वर्तणूक समाधानकारक. सेवाकाळात त्याच्या हद्दीत डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना : निरंक.

नोंद खरी आहे. गॉगल न घालता यंत्राशी दिसलेल्या कामगाराला तो सगळ्यांदेखत बाहेर काढायचा आणि विचारायचा, "काय रे, डोळ्यांची दुसरी जोडी घरी ठेवलीयस का?" माघारी लोक त्याला गॉगलसाहेब म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्तीनंतर न्हाणीघराच्या फरशा बदलायचं ठरलं. बायको म्हणाली, गवंड्याला बोलवा.

"फोडायला कशाला गवंडी? मी फोडतो, त्याने नुसत्या लावाव्यात."

छिन्नी-हातोडी आणली. कपाटातून गॉगल काढला, काचा पुसल्या, पट्टा आवळला, आरशात एकदा पाहून घेतलं. आत उजेड बेताचा, म्हणून बॅटरी धरायला बायकोला हाक मारली. ती घरी शिलाई करायची. हातातलं काज अर्धं टाकून आली.

"अहो, कण उडतायत."

"मग तोंड तिकडे कर."

"आणि उजेड?"

"उजेड इकडे धर."

हत्यार चालवणाऱ्याला गॉगल, तसाच शेजारी उभा राहणाऱ्यालाही, हा नियम कारखान्याच्या भिंतीवर त्यानेच लावून घेतला होता. पण तिथे शेजारी कामगार असायचा. बायको काही कामगार नव्हे.

तिने तोंड फिरवलं तसा उजेडही फिरला.

"अगं, छत फोडायचंय का मला? नीट बघून धर!"

ती नीट बघायला वळली, आणि फरशीची कपची उडाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात ती रुमाल डोळ्यावर धरून बाकावर बसली होती. शेजारी तो. मोतीबिंदू दाखवायला आलेला कारखान्यातला जुना फिटर समोर येऊन उभा राहिला, याच्या कपाळाकडे पाहून खुलला.

"साहेब! घरीसुद्धा गॉगल? आम्ही म्हणायचो, ही कटकट फक्त आपल्याच नशिबी. नाही हो, माणूस बोलतो तसा वागतो!"

गॉगल कपाळावरच राहिला होता. तो घाईने काढायला गेला, तर पट्टा कानामागे अडकला. तो फिटरनेच सोडवला आणि अदबीने हातात दिला.

"वहिनींना काय झालं?"

यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या टोकाला पोचणाऱ्या आवाजाचा तो माणूस गॉगलचा पट्टा गुंडाळू लागला. शेवटी बायकोच म्हणाली, "डोळ्यात कपची गेली. यांचे डोळे वाचले, तेवढं बरं."

टोमणा असता तर त्याने सोसला असता. टोमणा नव्हता. तो हातातल्या गॉगलच्या स्वच्छ काचा पुन्हा पुसत बसला. फिटर कौतुकाने बघत होता.

डॉक्टरांनी कपची काढली. डोळा वाचला, पण बुबुळावर व्रण राहिला. "चालता-फिरता काही जाणवणार नाही," डॉक्टर म्हणाले, "बारीक काम मात्र जमेलच असं नाही."

कारखान्याच्या दप्तरी नोंद अजूनही निरंकच आहे. न्हाणीघर त्या हद्दीत येत नाही. बायकोला सुईत दोरा आता तो ओवून देतो.