कार्डावर नसलेली कामं

चिकटपट्टी फाडली की रिळावरचं टोक ते आत दुमडून ठेवत. लावलेल्या पट्टीचंही एक टोक तसंच दुमडलेलं असे. पुढच्या माणसाला नखाने कोरत बसावं लागू नये म्हणून.

कुणाच्या घरात शिरताना बूट काढत आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवत.

विझलेली काडी खिशात टाकत.

चहा अर्धा पीत. उरलेला काम संपल्यावर, गार.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्साला जाताना व्हॅन चर्चपासून दोन गल्ल्या लांब लावत. व्हॅनवर कंपनीचं नाव होतं. मिस्सा सुटली की लोक हात मिळवायच्या आधी एसी गळतोय म्हणून सांगत.

एडनाबाईंचा, म्हणजे बायकोचा, फोन आला की उभं राहून बोलत.

इलायस तुस्कानो. वय चोपन्न. गाव वसईतलं नंदाखाल. बहरीनमध्ये तेवीस वर्षं. तुबलीत एसी, गिझर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारी एक कंपनी आहे, तिथे ते मेकॅनिक होते. मी तिथेच काउंटरवर बसते. फोन घेते, जॉबकार्ड लिहिते. मराठी घेऊन एम.ए. केलंय म्हणून ते मला 'मास्तरीण' म्हणत. खूश असले की 'बाय'. मी त्यांना अंकल म्हणायची.

ते गुरुवारी गेले. आज तेरा दिवस झाले. दुपारी वर्कशॉपमध्ये एका खोक्यावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला अजून दुपारी त्यांच्या व्हॅनचा आवाज येतो, आणि मी कार्ड हातात घेते.

मला एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे. ती लिहिते.

मागच्या वर्षी जानेवारीत बुसैतीनहून बू खालिद यांचा फोन आला. निवृत्त विमान इंजिनियर. अठरा वर्षं थंड देशात नोकरी करून परतले ते घर गरम करायची गॅसची भट्टी घेऊनच. फर्नेस. आमच्या ग्राहकांत अशी दुसरी नाही. अंकल म्हणत, "बहरीनमध्ये भट्टी म्हणजे वसईत बर्फाची गाडी." पण समुद्रावरून वारा सुटला की जानेवारीत तिथल्या संगमरवरी फरशीवर पाय ठेववत नाही, हेही खरं.

तक्रार अशी होती. भट्टी पेटते, दहा मिनिटांत आपोआप बंद पडते. लाल बटण दाबलं की पुन्हा चालते. दर वेळी बटण दाबून बू खालिद कंटाळले होते. त्यांना ते बटणच काढून टाकून हवं होतं.

"तू पण चल," अंकल म्हणाले. "घरात बायका आहेत. आणि भट्टीचं पुस्तक इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी पाइपापुरतं."

भट्टी खालच्या मजल्यावर, जिन्यामागच्या सामानाच्या खोलीत होती. बू खालिद दारात उभे. त्यांना आपल्याकडच्या कामगारांबरोबर बोलून बोलून हिंदी येते.

"इलायस, यल्ला. ये बटन निकालो. खलास."

"बाबा, जो बंद हो रहा है वो होशियार है," अंकल म्हणाले. "पहले उसको पूछते हैं, क्यों बंद होता है."

त्यांनी साबणाचा फेस ब्रशने सगळ्या जोडांवर लावला. कुठेही बुडबुडा नाही.

"वासही नाही," मी म्हणाले. "म्हणजे ठीक ना?"

"वास गळणाऱ्या गॅसला असतो, बाय. अर्धवट जळलेल्याला नसतो. नाकाला सुट्टी दे. बघ."

मी बघितलं. झडपेच्या काचेतून ज्योत दिसत होती. ती निळी आणि ताठ हवी. ती पिवळी होती, आणि डुलत होती. वरच्या पत्र्यावर काजळी. बाहेर दिवाणखान्यात खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होत्या. स्वयंपाकघरात तर काही शिजत नव्हतं.

"हे पाणी कुठलं?"

"गॅस जळला की वाफ होते. ती वरच्या पाइपातून बाहेर जायला पाहिजे. ती इथेच राहिली. मग तिच्याबरोबर जे जायचं तेही इथेच राहिलं."

त्यांनी नसीमाला धूप मागितला. नसीमा घरकामाला होती, हैदराबादची, बावीस-तेवीस वर्षांची. तिने बखूरचं धूपपात्र आणलं. अंकलनी ते धुराच्या पाइपाच्या तोंडाशी धरलं. धूर वर ओढला जायला हवा होता. तो जागीच घोटाळला आणि माझ्या तोंडावर आला.

"ओढ मफी," अंकल म्हणाले. मफी म्हणजे अरबीत 'नाही'.

मग त्यांनी नसीमाकडे नीट पाहिलं.

"तू सोती कहाँ है?"

तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडची छोटी खोली तिची.

"सुबह सर दुखता है?"

"आपको किसने बोला?" ती घाबरली. "मैंने किसी को काम से मना नहीं किया."

दोन आठवडे तिचं डोकं दुखत होतं. दोनदा उलटी झाली होती. मालकीणबाई पॅनाडॉलच्या गोळ्या देत होत्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की बरं वाटायचं, त्यामुळे ती सारखी वर जायची. त्यामुळे घरात सगळे तिला कामचुकार म्हणायला लागले होते.

अंकलनी व्हॅनमधून मीटर आणला आणि तिच्या खोलीत धरला. आकडा चढत एकशे बारावर थांबला. "पुस्तकात बघ," ते म्हणाले. मी पान उघडलं. कार्बन मोनॉक्साइड. डोकेदुखी, मळमळ, झोप. झोपेत. तिथे मी वाचायची थांबले.

ते धावले. मी त्यांना धावताना तेवढं एकदाच पाहिलं. बाहेरच्या सिलिंडरची चावी बंद केली आणि घरातली प्रत्येक खिडकी उघडली.

"इलायस! सर्दी!" बू खालिद ओरडले.

"सर्दी से कोई नहीं मरता, बाबा. बुसैतीन में तो बिलकुल नहीं."

आता कारण शोधायचं होतं. त्यांना वाटलं, पाइपात साळुंकीचं घरटं असेल. गच्चीवर गेले. पाइप मोकळा. खाली आले. "आगीला हवा कुठून येते ते वाच," म्हणाले. मी वाचलं. खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खाली एक जाळी असते. ती कधीही झाकू नये. जाळीला हवा मिळाली नाही तर भट्टी खोलीतलीच हवा खाते आणि धूर उलटा येतो.

जाळी दिसत नव्हती. अंकलनी खजुराची तीन खोकी बाजूला केली.

जाळीवर जाड प्लास्टिक होतं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, अगदी सरळ रेषेत. चारही पट्ट्यांची टोकं आत दुमडलेली.

ते उकिडवे बसले होते ते तसेच राहिले. मीही ती टोकं पाहिली.

त्याआधीच्या मे महिन्यात धुळीचं वादळ आलं होतं. अंकल त्या घरी एसी साफ करायला गेले होते. जाळीतून धूळ येते म्हणून मालकीणबाईंनी सांगितलं, त्यांनी झाकून दिली. उन्हाळ्यात भट्टी बंदच असते. अशी कामं आमच्याकडे सगळेच करतात. कपाटाची बिजागरी, नळाचा वायसर. बदल्यात चहा. ती कार्डावर येत नाहीत. पण तेव्हा ते माझ्या काउंटरशी थांबले होते.

"मास्तरीण, लिहून ठेव. नोव्हेंबरात बुसैतीनची जाळी उघडायची."

"कार्डावर रकाना नाही, अंकल."

"बरं. माझ्या लक्षात राहील."

नोव्हेंबरात हॅझेलचं, त्यांच्या मुलीचं, लग्न होतं. ते महिनाभर रजेवर होते.

खोलीत आम्ही दोघंच होतो. प्लास्टिक काढून काड्यांसारखं खिशात टाकता आलं असतं. मला वाटलं, तसंच करतील. मला तसंच हवं होतं.

त्यांनी एक टोक धरून ओढलं. पट्टी एका झटक्यात निघाली. प्लास्टिक हातात घेऊन ते दिवाणखान्यात गेले.

"बाबा, ये मैंने लगाया था. मई में. खोलना भूल गया."

बू खालिदनी प्लास्टिक हातात घेऊन उलटून पाहिलं.

"तू नहीं बोलता तो मुझे कैसे मालूम पड़ता?"

"नहीं पड़ता."

मग अंकल नसीमाकडे वळले. ती उघड्या खिडकीत शाल गुंडाळून बसली होती. "बेटी, तेरा सर मेरी वजह से दुखता था. माफ कर."

"मैं समझी किसी की नज़र लगी है," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "लगी तो थी. आपकी!"

बू खालिद हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "हिला आधी डॉक्टरकडे नेतो." हे त्यांनी बायकोला अरबीत सांगितलं, पण कळलं. अंकलचा अर्धा चहा तसाच राहिला होता. तो त्यांनी त्या दिवशी प्यायला नाही.

माझ्या रकान्याबद्दल ते कुणाला काही बोलले नाहीत. मलाही नाही.

ऑफिसात आल्यावर कार्ड सांगायला लागले. "लिही. कारण: मे महिन्यात इलायसने हवेची जाळी प्लास्टिकने बंद केली." मी लिहिलं. आमचे मॅनेजर संदेश यांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. दार पातळ आहे.

"कन्फेशन चर्चमध्ये करतात, इलायस. कार्डावर नाही. 'जाळी बंद होती, उघडली' एवढं पुरे."

"कुणी बंद केली ते?"

"ते कोण विचारतंय?"

"मी."

"मार्चमध्ये तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. आहे ना लक्षात?"

"ते लक्षात आहे. जाळीच नव्हती राहिली."

संदेशनी महिनाभर त्यांना गॅसच्या कामावर पाठवलं नाही. व्हिसा झाला. दोन वर्षांऐवजी एका वर्षाचा. बू खालिदनी तक्रार केली नाही. भट्टी पुन्हा पेटवायची होती तेव्हा त्यांनी अंकलनाच बोलावलं. ज्योत निळी होती. नसीमाची खोली आता वर आहे.

त्या महिन्यात अंकलनी एक वही घेतली. तेवीस वर्षांत आपण आणखी कुठे कुठे काय झाकलं, ते आठवून लिहायला बसले. बाथरूममधल्या गॅस गिझरची जाळी, स्वयंपाकघरातली फट. थंडी येते म्हणून, धूळ येते म्हणून, पाल येते म्हणून. कार्डं नव्हतीच. पत्तेही फारसे नव्हते. 'तुबली. खाडीसमोर. आजी ऐकत नाही, बेल दोनदा.' 'मुहर्रक. बेकरीवर. नवरा रागीट, बायको चांगली.' एकोणतीस घरं झाली.

मिस्सानंतर दर शुक्रवारी ते निघत. मी बरोबर जायची. मला कुणी बोलावलं नव्हतं.

लोक दारातच विचारत, "कितना लगेगा?"

"कुछ नहीं."

"फ्री? क्यों फ्री?"

एका बाईला वाटलं, आम्ही पाण्याचे फिल्टर विकायला आलोय. एका गृहस्थांनी आमचे फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले. अंकल म्हणाले, "चांगला आलाय, हॅझेलला पाठव."

बहुतेक ठिकाणी झाकण कधीच निघालं होतं, किंवा गिझर विजेचा झाला होता. दोन घरांत मात्र प्लास्टिक तसंच होतं. त्यातल्या एका घरात मुलांना आंघोळीला आत पाठवून बाथरूमला बाहेरून कडी लावायचे. अंकल तिथून निघाल्यावर व्हॅनमध्ये चावी न लावता बसून राहिले. मग म्हणाले, "पुढचं वाच."

थंडी संपली तसे आम्ही थांबलो. नोव्हेंबरात पुन्हा सुरू केलं. पाहून झालेल्या घरापुढे ते एक टिंब काढत. सव्वीस टिंबं झाली.

त्यांची बॅग मीच भरली. नंदाखालला पाठवायची होती. तीन रिळं, तिन्हींची टोकं दुमडलेली. शर्टाच्या खिशात काड्या. वही एडनाबाईंना पाठवायची का, असं मी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काम बाकी आहे का? मग तुझ्याकडे ठेव, बाय."

उरलेल्यांपैकी दोन घरांना पत्ते होते. सोमवारी तिथे दुसरा मेकॅनिक जाऊन आला. कार्ड संदेशनी स्वतः लिहिलं होतं. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'इलायसचं राहिलेलं.'

तिसरं घर नईममध्ये आहे. डिसेंबरात आम्ही दोनदा तिथे गेलो. अंकलना गल्ली आठवत होती. पण गल्लीतली दारं नव्याने रंगवली होती, सगळी तपकिरी. दुसऱ्या मजल्यावरची चार दारं त्यांनी वाजवली. दोन उघडली, ती ती नव्हती. "पुढच्या शुक्रवारी परत येऊ," ते म्हणाले. पुढच्या शुक्रवारी कुणाचा तरी गिझर फुटला आणि त्यांना तिकडे जावं लागलं. मग नाताळ आला.

काल मी एकटी गेले. उरलेली दोन दारं वाजवली. एकामागे कुत्रं भुंकलं. दुसऱ्यामागे पाणी वाहत होतं. बराच वेळ. कुणी उघडलं नाही.

वहीत शेवटची ओळ अशी आहे.

'नईम. मशिदीमागे. दुसरा मजला, निळं दार. बाथरूमचा गिझर, जाळी मी झाकली. बाळ चार महिन्यांचं.'

पुढे टिंब नाही.