माझा छोटा पंखा आणि गाडीतला मर्डर

"एकशे चौदा," लॅपटॉपवर नजर ठेवून टोबियास म्हणाला. "एकशे पंधरा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि एसी बंद केला. मागच्या सीटवर आमचे जर्मन साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडल, वही उघडून बसले होते. ते काहीच लिहीत नव्हते. त्याचीच जास्त भीती वाटत होती. इंजिनच्या पाण्याचं तापमान हळूहळू उतरलं आणि पाच मिनिटांत शंभराच्या खाली आलं.

"आल्झो," ब्रांडल म्हणाले, "एसी बंद ठेवला की गाडी उत्तम चालते. फक्त ग्राहकाने तशी गाडी मागितलेली नाही, फ्राऊ गोरपाडे."

मी घोरपडे. रेगेन्सबर्गमध्ये मला सहा वर्षं झाली, पण आमच्या आडनावातला 'घ' अजून कुणाला जमलेला नाही. एरवी मी दुरुस्ती करते. त्या सोमवारी आकड्यांकडे बघत राहिले.

माझं काम म्हणजे गाड्यांना ताप येऊ न देणं. आमची कंपनी रेडिएटर, पंखे आणि एसीचे भाग बनवते. मी ते गाडीत बसवून घेते, गाडी घाटात चढवते, उन्हात उभी करते आणि आकडे बघते. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर मास्टर्स झाल्यावरही सांगलीची माझी मावशी सगळ्यांना सांगते, "मेधा जर्मनीत रेडिएटरमध्ये पाणी घालते." अगदीच चूक नाही.

एसी लावल्याने इंजिन का तापावं, असं लोक मला विचारतात. गाडीच्या नाकाशी दोन चपटे भाग एकामागे एक उभे असतात. पुढचा कंडेन्सर. एसी गाडीच्या आतली उष्णता तिथे आणून बाहेर टाकतो. त्याच्या मागे रेडिएटर, तो इंजिनची उष्णता बाहेर टाकतो. सगळ्यात मागे पंखा, समोरून वारा ओढणारा. जेवणाची पंगतच समजा. पहिल्या पंगतीला कंडेन्सर, दुसऱ्या पंगतीला रेडिएटर, आणि वाढायला वारा एकच. पहिल्याच पंगतीला कमी पडलं, तर दुसरीच्या पानात काय पडणार?

या गाडीतला पंखा माझा होता. म्हणजे नेहमीपेक्षा छोटा, हलका पंखाही पुरेल, हे म्हणणं माझं होतं. ब्रांडलना ते पटलेलं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडत होते. गुरुवारी ग्राहकाची, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीची, माणसं आबनामेला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, येणार होती. गाडी पास झाली तर माझा पंखा मंजूर. नाही झाली तर जुना मोठा पंखा परत, आणि माझी दोन वर्षं पाण्यात.

"मागच्या गुरुवारी याच घाटात ही गाडी पास झाली होती," मी म्हणाले.

"मग तेव्हापासून बदललं काय?" ब्रांडलनी विचारलं.

आमच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. मी अगदी आत्मविश्वासाने उत्तर दिलं, "काहीच नाही. शनिवार-रविवार गाडी माझ्या दारात उभी होती."

वर्कशॉपमध्ये आम्ही रीतसर तपासणी सुरू केली. टोबियास माझा सहकारी. तो प्रत्येक गोष्ट लॅपटॉपवरच्या टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, लिहितो, कॉफी सांडली तरी लिहितो. पाण्याची पातळी बरोबर. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, वेळेवर उघडत होता. मग एसीचा गॅस. आपल्याकडे एसीचं काहीही बिघडलं की 'गॅस भरून घ्या' म्हणतात. पण गॅस जास्त झाला तरी दाब वाढतो आणि कंडेन्सर तापतो. आम्ही सगळा गॅस मशीनने काढून तोलला. ग्रॅमला ग्रॅम बरोबर. तरी एसी लावला की दाब चढत होता. म्हणजे कंडेन्सरची उष्णता बाहेर जातच नव्हती.

टोबियासने टॉर्च घेऊन समोरच्या जाळीतून आत पाहिलं. "स्वच्छ आहे. आत सगळं काळं आहे," तो म्हणाला. तिथे सगळं काळंच असतं.

मंगळवारी मी पंखा पूर्ण वेगावर लावून गाडी पुन्हा घाटात नेली. पुन्हा एकशे पंधरा. ब्रांडलनी फक्त भुवया उचलल्या. पूर्ण वेगातही पंखा पुरत नाही, याचा अर्थ शाळेतल्या मुलानेही सांगितला असता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यात हे दोघे वासावर चर्चा करत होते.

"एसी लावला की कसला तरी वास येतो," टोबियास म्हणाला. "केमिकल. गॅस कुठून तरी गळतोय का?"

"गॅस नाही," ब्रांडल नाक वर करून म्हणाले. "माझ्या ओमाच्या, आजीच्या, कपाटाचा वास आहे."

"मला तर कसलाच वास येत नाही," मी म्हणाले. टोबियासने टेबलमध्ये लिहिलं, 'वास: अज्ञात. तिघांपैकी दोघांना.'

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. माझे सासू-सासरे महिन्याभरासाठी आमच्याकडे आले होते. सासरे, म्हणजे बाबा, साखर कारखान्याच्या गॅरेजचे रिटायर्ड फोरमन. आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर सांभाळलेले.

"अगं, एवढ्या मशिनी लावता तुम्ही," भाकरी मोडत बाबा म्हणाले, "पण रेडिएटरच्या समोर कुणी बघितलं का? वारा पोचतोय का आत? आमच्या जीपला एकदा अख्खं पाचट अडकलं होतं."

"अहो बाबा, टॉर्च लावून बघितलं. स्वच्छ आहे."

"टॉर्चने नाही बघायचं. उघडून बघायचं. हाताने."

मी मनात म्हटलं, कुठे ती जीप आणि कुठे ही गाडी. वरकरणी "हो बाबा" म्हणाले.

बुधवारी सकाळी गार होतं म्हणून मी कपाटातून जॅकेट काढलं आणि ऑफिसला गेले. टोबियासने वर्कशॉपमध्ये माझ्याकडे पाहिलं, मग जवळ आला, आणि चक्क माझ्या खांद्याचा वास घेतला.

"गेनाऊ!" तो ओरडला. "हाच तो वास! मेधा, गाडी नाही, तूच वास मारतेस!"

हे वाक्य वर्कशॉपमधल्या आठ-दहा जणांनी ऐकलं.

मी जॅकेटच्या खिशात हात घातला. आत चिंधीत बांधलेली डांबरगोळी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आल्या दिवसापासून आमच्या प्रत्येक कपाटात आणि कपड्यात सांगलीहून आणलेल्या डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. आमच्या घराला तो वास इतका मुरला होता की मला तो येईनासाच झाला होता.

"चला, वास सापडला," मी ओशाळून म्हणाले.

पण टोबियास टेबलवाला माणूस. तो गाडीत एकटा बसला, एसी लावला, दोन मिनिटांनी उतरला. "तू आत नाहीस. जॅकेट आत नाही. वास आहे."

डांबरगोळी गाडीत गेली कशी? आणि मग मला शनिवारची सकाळ आठवली.

शनिवारी बाबा खालच्या बाकावरून घाईघाईने वर आले होते. "मेधा, शेजारच्या फ्राऊ हूबर काय सांगत होत्या माहीत आहे? इथे गाडीत मर्डर होतात! गाडीकडे बोट दाखवून सारखं मर्डर, मर्डर म्हणत होत्या. दातसुद्धा दाखवले."

मी हसून हसून बेजार झाले होते. "मर्डर नाही हो बाबा, मार्डर. मुंगसासारखा प्राणी असतो. बॉनेटखाली शिरतो आणि वायरी, रबराचे पाइप कुरतडतो."

"म्हणजे उंदीरच की," बाबा म्हणाले होते. "मग तुझी ऑफिसची गाडी अशी उघड्यावर उभी?"

आणि मी भाजी आणायला गेले होते. गाडीची किल्ली दाराशेजारी खुंटीवर होती.

"समोरचं कव्हर काढ," मी टोबियासला म्हणाले. तोवर ब्रांडलही येऊन उभे राहिले होते.

कव्हर सहा क्लिपांनी बसवलेलं असतं. बाबांनी ते काढून परत लावताना एकही क्लिप तुटली नव्हती. टोबियासने दोन तोडल्या. आत, गाडीची जाळी आणि कंडेन्सर यांच्या मधे, आमच्या खिडक्यांना लावून उरलेली डासांची काळी जाळी होती. चार पदरी. एक पदर उंदीर कुरतडतो, हा कारखान्याचा अनुभव. कडा शिवलेल्या, तारेने घट्ट ताणलेली, दोन दिवसांच्या किड्यांनी आणि धुळीने भरलेली. खालच्या बाजूला आईंच्या जुन्या इरकलीच्या बारा पुरचुंड्या ओळीने टांगलेल्या.

ब्रांडलनी एक पुरचुंडी उचलून नाकाशी नेली. "ओमा," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे कुणी केलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"का?"

"मार्डर."

"आख सो, असं होय." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मार्डर म्हटल्यावर आमच्या बव्हेरियात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांच्या स्वतःच्या गाडीचे पाइप दोनदा खाल्ले गेले होते.

जाळी काढून आम्ही तासाभरात घाटात गेलो. एसी पूर्ण, चढ पूर्ण, माझा छोटा पंखा अर्ध्या वेगावर. टोबियास आकडे वाचत होता, "शहाण्णव. शहाण्णव. पंचाण्णव." मला त्याचा आवाज इतका गोड कधीच वाटला नव्हता. गुरुवारी आबनामे झाली, पंखा मंजूर झाला, आणि ब्रांडलनी सगळ्यांसमोर "फ्राऊ घोर्पाडे" असा 'घ'चा प्रयत्न केला. थुंकी उडाली, पण केला.

रिपोर्ट मलाच भरायचा होता. कारणाच्या रकान्यात ठरलेले पर्याय असतात. सॉफ्टवेअर, मटेरियल, जोडणी. त्यात 'सासरे' नव्हतं. टोबियास म्हणाला, "फ्रेम्डक्योर्पर निवड." म्हणजे परकी वस्तू. मी तेच निवडलं. आईंची इरकल, बाबांची शिवण, आमच्या खिडकीची जाळी. त्यात परकं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

त्याआधी, बुधवारी संध्याकाळी घरी जाताना, बाबांना कसं सांगायचं, याचा विचार करत होते. एवढ्या मायेने केलेलं काम, आणि त्याने माझी दोन वर्षं जवळजवळ बुडवली होती. पण मी दारात पाऊल टाकताच त्यांनीच विचारलं, "काय निघालं गं?"

"समोर काहीतरी अडकलं होतं, बाबा. वारा पोचत नव्हता."

बाबांनी आईंकडे असं पाहिलं, की जणू ग्राहकाने त्यांचाच पंखा मंजूर केलाय. मग फोन उचलून कारखान्यातल्या जुन्या मित्राला लावला. "अरे, इथले इंजिनिअर तीन दिवस मशिनी लावून बसले होते. मी भाकरी खाता खाता सांगितलं!"

शेवटी त्यांचं निदान बरोबरच होतं.

फोन झाल्यावर त्यांनी मला हळूच बाजूला बोलावलं. "आणि मेधा, पुढच्या शनिवारी गाडी आणशील तेव्हा मला सांग. त्या मर्डरसाठी मी आत जाळी लावलीय, तिला पाचवा पदर लावतो."

तेव्हापासून माझ्या चेकलिस्टमध्ये 'काय बदललं' च्याही वर एक प्रश्न आहे. गाडी शेवटची कुणाच्या दारात उभी होती?