रमाकाकूचं बसणं

रमाकाकूला कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं, असं मी अमरावतीतल्या आमच्या गल्लीत छातीठोकपणे म्हणायची. तिची नि आमची भिंत एक. तिच्या जोडव्यांचा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागण होऊन गेली तरी चालूच. जेवायची तीसुद्धा उकिडवी, एक पाय उठायच्या तयारीत. टीव्ही तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलासुद्धा नव्हता. माझ्याकडे रेडिओ होता, पण काकू बातम्या ऐकायची ती उंबऱ्यात उभी राहून, शेंगा फोडत. ऐकायला कान पुरतात, हात कशाला रिकामे ठेवायचे, असं तिचं म्हणणं.

तिचे यजमान मोरोपंत कोर्टात नाझर होते, आता निवृत्त. पुस्तकाशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि काकूचा कडक नियम, की अन्न वाढल्यावर पुस्तक जवळ नको. ती ते ओढून सरळ फडताळावर ठेवायची. मग पंत भराभर गिळायचे आणि हात धुऊन फडताळाकडे धावायचे. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं.

बासष्ट साली पंतांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अजून पिकला नाही, थंडीत काढू, असं डॉक्टर म्हणाले. समोर आमच्याकडचा मे महिना. दाराला गारव्यासाठी लावलेली वाळ्याची टट्टी, तिच्यावर काकू सारखी पाणी मारतेय, आणि आत पंत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालतायत. दोघंही अस्वस्थ, घर एवढंसं. शेवटी पंतांनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक तिच्यापुढं धरलं.

"तूच वाच आता. चौथी झाली ना तुई?"

काकूनं वाचलं कसलं, पाढे म्हटले. दोन ओळी झाल्या की दूध बघायला उठली, आणखी दोन झाल्या की टट्टीवर पाणी मारायला.

"अवं, पूर्णविरामाले तरी थांब!" पंत ओरडायचे.

"थांबाले वेळ कुठी आहे मले?"

पण पावसाळा लागला आणि काहीतरी बदललं. एका दुपारी भिंतीपलीकडून जळल्याचा वास आला. मी धावत गेले. पंत घोरत होते, चुलीवर वरण कोळसा झालं होतं, आणि काकू खांबाला टेकून, पाय पसरून, मनातल्या मनात वाचत होती. मला बघून ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली. मला इतका आनंद झाला की भांडं मीच घासून दिलं.

दिवाळीनंतर पंतांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा मिळेपर्यंत काकू त्यांना एका मास्तरणीची कादंबरी वाचून दाखवत होती. घरच्यांशी भांडून एकटीच परगावी नोकरीला निघालेली ती बाई. "मले तं वाटते, जाऊ नये तिनं," काकू मला सांगायची. दुसऱ्या दिवशी म्हणायची, "नाही, जाऊच दे."

मास्तरीण स्टेशनावर पोचली त्याच दिवशी पंतांचा जाड भिंगांचा चष्मा आला. त्यांनी आधी कॅलेंडरवरची बारीक तिथी वाचली, लहान पोरासारखे हसले, आणि काकूच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"चल, सुटली तू!"

आपण बायकोला मोकळं केलं असं त्यांना खरंच वाटत होतं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला.

काकूची जोडवी पुन्हा वाजायला लागली. घासलेली भांडी घासायची, निवडलेली डाळ निवडायची. माझ्या उंबऱ्यात यायची, पण बातम्यांकडे लक्ष नसायचं. पंतांना विचारायची, "अहो, गेली का ती?"

"सांगतो," पंत म्हणायचे आणि पुढं वाचायचे. एक दिवस पुस्तक परत करून ते दुसरं घेऊन आले. सांगितलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या दारात उभी. "चाल माह्यासंग."

वाचनालयात सगळे पुरुष वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. ग्रंथपालांनी विचारलं, "पंतांसाठी का?"

"नाही. रमा नाव लिवा," काकू एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळी डोकी वर आली.

त्या संध्याकाळी मी तिची वाटी परत द्यायला गेले. तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी. पंतांना वाढून काकू त्यांच्याच पंक्तीला बसली, चांगली मांडी घालून. डाव्या हाताला पुस्तक उघडं.

"अवं, अन्न वाढलेलं आहे!" पंत म्हणाले. मग त्यांनी चष्मा सावरून पाहिलं. "हे तं मी वाचलं. थांब, तिचं पुढं काय होते ते सांगतो तुले."

"सांगाचं नाही," काकू म्हणाली. "माही मी वाचून राहिली."

पंतांची भाकरी संपली. त्यांनी ताटावर बोट वाजवलं, खाकरून पाहिलं. काकूला ऐकू आलं नाही, की आलं, देव जाणे. थोडा वेळ वाट पाहून पंत उठले आणि टोपल्यातली भाकरी त्यांनी आपल्या हातानं घेतली. काकू बसून होती.